मेडल अडलंय की नोंद? माजी सैनिकांच्या प्रश्नांना उत्तरं

'मेडल मिळालं नाही' अशी सुरुवात असलेली पत्रं या सदराकडे सतत येतात. त्यांतली निवडक या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं गाळली आहेत. सगळी उत्तरं सेवा पदकांविषयी आहेत, म्हणजे ठरावीक ठिकाणी किंवा ठरावीक काळ नोकरी केल्याबद्दल मिळणाऱ्या मेडलांविषयी. वीरचक्र, शौर्यचक्र, सेना मेडल यांची गोष्ट निराळी. ती शिफारशीवर मिळतात, भारताच्या राजपत्रात छापून येतात, आणि राजपत्रात नाव नसेल तर ते मागाहून घालणं कुठल्याही रेकॉर्ड ऑफिसच्या (सैनिकांच्या नोकरीचे कागद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) हातात नसतं.

प्रश्न : जयहिंद साहेब. मी १९९२ साली पायदळात भरती झालो आणि २००९ साली नाईक म्हणून पेन्शन आलो. मधल्या काळात सात-आठ महिने मला लडाखमध्ये दुसऱ्या युनिटला अटॅच केलं होतं. माझी स्वतःची पलटण तेव्हा खाली पंजाबात होती. डिस्चार्ज बुकात नऊ वर्षांचं मेडल आणि स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं मेडल आहे, पण हाय अल्टिट्यूडचं नाही. त्या युनिटच्या पोरांना सगळ्यांना मिळालं. आता काही होऊ शकतं का? (निवृत्त नाईक, ता. खटाव, जि. सातारा)

उत्तर : होऊ शकतं, पण आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. हाय अल्टिट्यूड सर्व्हिस मेडलची अट ९,००० फुटांच्या, म्हणजे साधारण २,७०० मीटरच्या वर एकूण १८० दिवसांची आहे. उंचीची चिंता नको, लेह शहरच साडेअकरा हजार फुटांच्या आसपास आहे. चिंता दिवसांची करा. तुम्ही 'सात-आठ महिने' लिहिलंय, आणि सगळं त्या 'सात-आठ'मध्येच आहे. सात महिन्यांचे दिवस झाले २१०. त्यात तुम्ही वर्षाची साठ दिवसांची सुट्टी काढून गावी आला असाल तर वर राहिलात फक्त १५० दिवस. आठ महिने असतील तर २४० वजा ६०, म्हणजे बरोबर १८०. सुट्टीचे, कोर्सचे आणि खालच्या हॉस्पिटलात काढलेले दिवस स्वतःच वजा करून हिशोब मांडा. मग तो समोरच्याला खोडता येत नाही.

आता नोंद का राहिली ते. जवानाच्या नोकरीत जे जे घडतं, बदली, अटॅचमेंट, सुट्टी, बढती, लग्न, मूल, ते युनिट पार्ट टू ऑर्डर काढून छापतं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या मूळ नोंदकागदावर चढते, आणि पेन्शन येताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. मेडलची नोंदही याच रस्त्याने येते. तुमची पलटण पंजाबात होती, त्यामुळे तिच्या हेड क्लार्कने मेडलची यादी केलीच नसणार. ज्या युनिटने यादी केली त्यांच्या नफरीवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या जवानांच्या यादीवर, तुम्ही नव्हता. ही चूक इतकी नेहमीची आहे की 'अटॅच' शब्द वाचला की पुढचं पत्र वाचायची फारशी गरज उरत नाही. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे ऑर्डर निघालेली असते, पण नंबर किंवा नाव चुकल्यामुळे रेकॉर्ड ऑफिस ती शेरा मारून परत पाठवतं. तेवढ्यात युनिट दुसऱ्या ठाण्याला हलतं आणि ती ऑर्डर पुन्हा कोणी काढत नाही.

म्हणून 'मला मेडल द्या' असा अर्ज करू नका. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या अटॅचमेंटची पार्ट टू ऑर्डर माझ्या शीट रोलवर आहे का ते पाहावं, आणि असल्यास त्यावरून मेडलची नोंद करावी' असा अर्ज करा. पहिल्या अर्जाला 'नोंद आढळत नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं. दुसऱ्या अर्जासाठी कोणाला तरी कपाट उघडावं लागतं.

पुरावा कुठला? सगळ्यांत चांगला पुरावा बहुतेकांच्या ट्रंकेत तळाशी पडलेला असतो, तो म्हणजे त्या काळातल्या पगाराच्या स्लिपा. जवानाला उंचावर गेल्याचा भत्ता वेगळा मिळतो आणि तो स्लिपेवर वेगळ्या ओळीत दिसतो. सहा-सात महिने तो भत्ता सलग दिसला तर तुम्ही तिथे होता हे सरकारच्याच पैशाने सिद्ध होतं. याखेरीज मूव्हमेंट ऑर्डर, सुट्टीचं सर्टिफिकेट (त्यावर कुठल्या युनिटमधून सुट्टी निघाली ते असतं), त्या काळातला हॉस्पिटलचा कागद जोडा. सोबतच्या दोन जवानांची प्रतिज्ञापत्रंही जोडता येतात, पण ती आधाराला. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर मेडल मिळत नाही.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत एका पानाचा करा. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, मूळ युनिट, अटॅच युनिट, ठिकाण, तारखा आणि मेडलचं पूर्ण नाव हवं. आर्मी नंबरच्या शेवटचं इंग्रजी अक्षर विसरू नका. ते तपासणीचं अक्षर आहे, चुकलं तर नंबर दुसऱ्याच माणसाचा निघतो किंवा निघतच नाही. नावाचंही तसंच. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि आडनाव शेवटी असतं, फौजेत मात्र अनेकांचं आडनाव आधी किंवा नुसतंच पहिलं नाव चढलेलं असतं. अर्जात फौजेतलं नाव लिहा आणि आधारवरचं वेगळं असेल तर तेही एका वाक्यात सांगा.

पाठवायचं ते आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोरच्या रेकॉर्ड ऑफिसला. शेवटच्या युनिटला पाठवून उपयोग नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, गार्ड्‌सचं कामठीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, रणगाडा दल आणि मेकनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोरचं) सिकंदराबादला. नौदलातल्या सेलरांचं मानखुर्दच्या चीता कॅम्पला आणि हवाई दलाच्या एअरमनचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. पलटणीतून आल्यावर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये) पुन्हा भरती झाला असाल तर तुमचे जुने कागद तिकडे गेलेले असण्याची शक्यता आहे. अशांनी एक प्रत कण्णूरला डीएससी रेकॉर्डलाही पाठवावी आणि अर्जात दोन्ही आर्मी नंबर लिहावेत.

अर्ज थेट टपालाने गेला तरी चालतो. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासह, जावक क्रमांक घालून गेला तर मागे लागायला एक धागा हाती राहतो. साताऱ्याच्या कार्यालयाला असली पत्रं नवी नाहीत. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक भरलेल्या पानाची झेरॉक्स जोडा, मूळ बुक पाठवू नका. नोंद मंजूर झाल्यावर बुकात दुरुस्ती करायला ते मूळ मागतील. तेव्हा शक्यतो स्वतः घेऊन जा आणि त्याच दिवशी शिक्का मारून घेऊन या. नव्या नोंदीपुढे 'अथॉरिटी' म्हणून पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख लिहिली आहे ना ते खिडकीवरच वाचा. अथॉरिटी नसलेल्या नोंदीवर पुढे कोणीही बोट ठेवू शकतं.

आणि नोंद झाली म्हणजे लगेच हातात मेडल पडेल असं नाही. सेवा पदकांचा पुरवठा वर्षानुवर्षं मागे राहिलेला आहे. नोकरीत असलेल्या जवानांनाही रिबन आधी आणि मेडल कधीतरी, असं चालत आलंय.

प्रश्न : आमचे आजोबा 'ऑपरेशन विजय'मध्ये होते. १९६६ साली त्यांनी सात वर्षांची नोकरी करून फौज सोडली, पेन्शन नव्हती. १९९८ साली वारले. आम्ही 'ऑप विजय मेडल'साठी अर्ज केला, तर 'अपात्र' असं उत्तर आलं. हा अन्याय नाही का? (नातू, सावंतवाडी)

उत्तर : उत्तर बरोबर आहे. चूक मागणीत झाली. 'विजय' नावाच्या दोन मोहिमा आहेत. एक डिसेंबर १९६१ ची गोव्याची, दुसरी १९९९ ची कारगिलची. ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल ही दोन्ही कारगिलसाठी आहेत. कारकुनाने १९६६ साली फौज सोडलेल्या माणसाचं नाव कारगिलच्या यादीत शोधलं आणि 'अपात्र' लिहिलं.

गोव्याच्या मोहिमेसाठी वेगळं मेडल काढलेलं नव्हतं. त्यासाठी जनरल सर्व्हिस मेडल १९४७ आणि त्याच्या रिबनवर 'गोवा १९६१' अशी पट्टी आहे. या पट्टीला फौजेत क्लास्प म्हणतात. त्याच मेडलवर जम्मू-काश्मीर, नागा हिल्स, लडाख १९६२, नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) १९६२ अशाही पट्ट्या आहेत. आजोबांना आधीच नागा हिल्सची पट्टी मिळालेली असेल तर दुसरं मेडल येत नाही, नुसती पट्टी वाढते. तेव्हा नवा अर्ज 'जनरल सर्व्हिस मेडल १९४७, क्लास्प गोवा १९६१' असा नेमका करा. सोबत युनिटचं नाव द्या. गोव्यात १७ इन्फंट्री डिव्हिजन आणि ५० पॅराशूट ब्रिगेड गेली होती. आजोबांची पलटण त्यांपैकी कशात होती ते डिस्चार्ज सर्टिफिकेटवरून जुळवता येईल.

आता कडू भाग. पेन्शन नसलेल्या जवानाचे सविस्तर कागद नोकरी सुटल्यापासून २५ वर्षं ठेवतात, मग नष्ट करतात. आजोबांच्या बाबतीत ती मुदत १९९१ सालीच संपली. त्यानंतर राहतो तो लाँग रोल. त्यात नंबर, नाव, गाव, भरती आणि डिस्चार्जच्या तारखा असा मोजका मजकूर असतो. त्यामुळे ते गोव्यात होते याचा पुरावा आता तुमच्याच घरातून यायला हवा : मूळ डिस्चार्ज सर्टिफिकेट, त्या काळातली पत्रं, फौजेच्या पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेली मनीऑर्डरची पावती. यांतलं काहीच नसेल तर लाँग रोलचा उतारा मागवा, घराण्याच्या नोंदीसाठी तो ठेवण्यासारखा असतो. पण मेडलची आशा फार धरू नका.

आणि अर्जावर सही नातवाची नको. आजी असतील तर त्यांची, नाहीतर आजोबांच्या मुलाची किंवा मुलीची हवी. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला आणि बाकी भावंडांचं ना-हरकत पत्र जोडा.

प्रश्न : १९७१ च्या लढाईत मी पठाणकोटजवळ दारूगोळ्याच्या डेपोत होतो. मला संग्राम मेडल मिळालं, पण पश्चिमी स्टार नाही. लढाई तर आम्हीही केली. (निवृत्त हवालदार, वय ७७, ता. कागल, जि. कोल्हापूर)

उत्तर : हवालदारसाहेब, लढायांची मेडलं जोडीने निघतात हे लक्षात घेतलं की गुंता सुटतो. १९६५ ला समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ ला पूर्वेसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेसाठी पश्चिमी स्टार, आणि त्यांच्या जोडीला संग्राम मेडल. १९९९ ला ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल. स्टार प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्याला, मेडल त्याहून मोठ्या पट्ट्यात कामावर असलेल्याला. ज्याला १९७१ चा स्टार मिळाला त्याला बहुतेक वेळा संग्राम मेडलही असतं. उलटं होईलच असं नाही.

तुमचा डेपो रणक्षेत्राच्या ठरवलेल्या हद्दीत होता का, एवढाच प्रश्न आहे. तोफा तुमच्या कानांवर होत्या, यावरून तो ठरत नाही. एक गोष्ट मात्र तपासा. ३ ते १७ डिसेंबरच्या दरम्यान तुम्ही गाड्यांबरोबर पुढे तोफांच्या ठाण्यांपर्यंत दारूगोळा पोचवायला गेला होता का? गेला असाल आणि त्या डिटॅचमेंटची (वेगळ्या कामावर पाठवलेल्या तुकडीची) पार्ट टू ऑर्डर निघालेली असेल, तर अर्ज करायला जागा आहे. युनिटच्या जागेवर बोट ठेवू नका, स्वतःच्या हालचालीवर ठेवा.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमचं घर पाण्याखाली गेलं. अण्णांची पाच मेडलं होती, तीन वाहून गेली. दोन सापडली ती चिखलाने काळी पडली आहेत, ती कशी उजळावी? आणि गेलेली तीन पुन्हा मिळतील का? एकाने 'हजार रुपयांत पाचही करून देतो' असं सांगितलं. (मुलगी, सांगली)

उत्तर : आधी ती दोन. पितांबरी, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका. बहुतेक सेवा पदकं तांबे-निकेलच्या मिश्रधातूची असतात, ती देवघरातल्या पितळेसारखी चमकवायची नसतात. मेडल उभं धरून त्याची कड बघा. तिथे अण्णांचा नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं किंवा कोरलेलं दिसेल. हीच कड मेडलचा जन्मदाखला आहे, आणि घासल्यावर पहिली झिजते तीच. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, लहान मुलाचा मऊ ब्रश, मग सुती कापडाने कोरडं करणं, बस. रिबन आधी काढून ठेवा, तिचा रंग उतरतो. रिबन कुजली असेल तर नवी बाजारात मिळते, ती लावायला काहीच हरकत नाही.

स्वच्छ झाल्यावर कडेचे फोटो काढा. डिस्चार्ज बुकात एखाद्या मेडलची नोंद नसेल आणि कडेवर अण्णांचा नंबर असेल, तर तो फोटो नोंदीच्या अर्जाला जोडता येतो.

गेलेल्या तीन मेडलांसाठी पोलीस ठाण्यातून गहाळ झाल्याचा दाखला घ्या आणि पुराचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत जोडा. मग अण्णांच्या, किंवा ते नसतील तर आईंच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा. पहिलं मेडल सरकार फुकट देतं, दुसरं फुकट मिळेल असं धरून चालू नका. डिस्चार्ज बुक शाबूत असेल तर हे काम सरळ आहे. तेही भिजलं असेल तर आधी डिस्चार्ज बुकाची दुय्यम प्रत मागवा, मेडलांचं नंतर. उलट्या क्रमाने गेलात तर दोन्ही अडकतील.

हजार रुपयांच्या मेडलांविषयी काय सांगावं? बाजारात मिळतं ते नकली, कड कोरी. भिंतीवर फ्रेममध्ये लावायला कोणी घेत असेल तर घेवो, पण ते मेडल म्हणून कुठल्याही कार्यालयात दाखवू नका. आणि कोणी त्याच्या कडेवर अण्णांचा नंबर कोरून देतो म्हणाला तर साफ नाही म्हणा. तो खोटा दस्तऐवज होतो.

प्रश्न : १९९४ साली काश्मीरमध्ये चकमकीत माझ्या मांडीला गोळी लागली. डिसॅबिलिटी पेन्शन आहे, पण पराक्रम पदक नाही. त्याने पेन्शनमध्ये फरक पडतो का? (निवृत्त शिपाई, जि. अहिल्यानगर)

उत्तर : पराक्रम पदकामुळे पेन्शन वाढत नाही. पण ते का मिळालं नाही, याचं कारण शोधताना पेन्शनमधली चूक सापडू शकते. म्हणून तुमचं पत्र या सगळ्यांत तातडीचं आहे.

पराक्रम पदक शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्याला मिळतं. ते मिळण्यासाठी जखमी झाल्यावर युनिटने तुम्हाला 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून पार्ट टू ऑर्डरमध्ये छापायला हवं होतं. घाईत किंवा अज्ञानाने 'फिजिकल कॅज्युअल्टी' छापलं गेलं, म्हणजे गाडीचा अपघात किंवा पडून लागणं यासारखं, तर पदक येत नाही. शिवाय तुमची पेन्शन युद्धजखमीच्या दराने न बसता साध्या अपंगत्वाच्या दराने बसते. या दोन दरांतलं अंतर मोठं आहे.

तेव्हा पीपीओ काढा आणि त्यावर 'वॉर इंज्युरी एलिमेंट' लिहिलंय की 'डिसॅबिलिटी एलिमेंट' ते बघा. पहिलं असेल तर तुमची नोंद नीट आहे आणि फक्त पदकाची ऑर्डर राहिली आहे. त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसला एक साधा अर्ज पुरेल. दुसरं असेल तर तीन कागद मागवा : आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट, कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर, आणि मेडिकल बोर्डाची कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ-१६. इंज्युरी रिपोर्टात 'अतिरेक्यांच्या गोळीने' असं असेल आणि ऑर्डरमध्ये 'फिजिकल' असेल, तर विसंगती सरकारी कागदातच आहे. मग आधी कॅज्युअल्टीचा प्रकार दुरुस्त करून घ्या. पेन्शन आणि पदक त्यामागोमाग येतात. इथे वकिलाचा सल्ला घेण्यासारखा आहे. निव्वळ सेवा पदकासाठी आम्ही तो कधी सुचवत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेच्या लष्करात होता, २००७-०८ मध्ये नऊ महिने इराकमध्ये. त्याच्या डीडी-२१४ वर इराक कॅम्पेन मेडल नाही. तिकडे कोणाकडे जायचं? (आई, ठाणे, मुलगा न्यू जर्सीत)

उत्तर : तिकडची रीत वेगळी, पण मूळ दुखणं तेच. डीडी-२१४ हे त्यांचं डिस्चार्ज बुक म्हणायला हरकत नाही, फक्त ते एका कागदाचं असतं. त्या मेडलची अट सलग ३० किंवा तुटक ६० दिवसांची आहे, तेव्हा पात्रतेचा प्रश्न नाही.

मुलाने एसएफ-१८० अर्ज सेंट लुईसच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राला पाठवावा, किंवा अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करावा. आपली पूर्ण फाइल आणि मेडलची पडताळणी, दोन्ही मागावं. फाइलमध्ये इराकला पाठवल्याचा हुकूम असेल तर जुन्या कागदावर खाडाखोड होत नाही, डीडी-२१५ नावाचा दुरुस्तीचा जोडकागद निघतो. पुढे दोन्ही कागद एकत्र ठेवायचे. त्या केंद्राच्या १९७३ च्या आगीची गोष्ट तो ऐकेल, पण त्या आगीत गेले ते १९६० पूर्वी लष्कर सोडलेल्यांचे आणि हवाई दलातल्या १९६४ पूर्वीच्या काहींचे कागद. त्याचा त्यात संबंध नाही.

फाइलमध्ये हुकूम नसेल तर त्याचीही पगाराची स्लिपच कामाला येते. त्या महिन्यांची लढाऊ क्षेत्रातली करमाफी आणि धोक्याचा भत्ता तिच्यावर दिसतो. तरीही नकार आला तर डीडी-१४९ भरून लष्कराच्या अभिलेख दुरुस्ती मंडळाकडे जायचं. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. मंडळ ती न्यायासाठी माफ करू शकतं, पण उशिराचं कारण अर्जातच लिहावं लागतं. यासाठी फी नाही, आणि फी मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावं.

प्रश्न : वडिलांच्या मेडलसाठी रेकॉर्ड ऑफिसला तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. मी माहिती अधिकारात 'मेडल का दिले नाही?' असं विचारलं, तर अर्ज फेटाळला. पुढे लष्करी न्यायाधिकरणात जावं का? (मुलगा, बार्शी)

उत्तर : माहिती अधिकारात 'का' विचारू नये. माहिती अधिकारी त्याच्याकडे असलेला कागद द्यायला बांधील आहे, खुलासा करायला नाही. अर्ज असा करा : वडिलांच्या शीट रोलच्या मेडलांच्या पानाची प्रत, अमुक ते अमुक काळातल्या त्यांच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि त्यांच्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या टिपणीची प्रत. या तिसऱ्या कागदाने पत्रं कुठल्या टेबलावर पडली आहेत ते दिसतं. मजा अशी की, बऱ्याचदा टिपणीची प्रत मागितली की आधी टिपणी लिहिली जाते.

वडील हयात असतील तर अर्ज त्यांच्याच नावाने आणि सहीने करा. मुलाच्या नावाने केला तर 'दुसऱ्याची वैयक्तिक माहिती' म्हणून परत येतो. फी दहा रुपयांची, टपालाने पाठवताना पोस्टल ऑर्डर जोडा. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, दुसरं अपील ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आसाम रायफल्स यांना हा कायदा जवळजवळ लागू नाही. लष्कराला आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी लष्करी न्यायाधिकरणाचं पीठ मुंबईत आहे. पण तिथे जाण्याआधी खात्याकडे रीतसर अर्ज करून झालेला हवा. त्यावर अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत जायचं. उत्तरच आलं नाही, तर अर्जापासून सहा महिने थांबायचं आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत जायचं. उशीर माफ होऊ शकतो, कारण द्यावं लागतं. म्हणून चौथं पत्र साध्या टपालाने टाकू नका. स्पीड पोस्टाने, पोच जोडून पाठवा. सहा महिन्यांची मोजणी त्या पोचपावतीवरच्या तारखेवरून दाखवता येते, आणि आधीच्या तीन पत्रांची पावती तुमच्याकडे नसेल तर ती पत्रं गेलीच नाहीत असं समजून चाला.

प्रश्न : २६ जानेवारीला शाळेत आईला वडिलांची मेडलं लावून बोलावलंय. कुठल्या बाजूला लावायची? (मुलगी, चिपळूण)

उत्तर : उजव्या. डावी बाजू ज्याने मेडल कमावलं त्याची. वडिलांच्या मेडलांचा क्रम बारवर जसा आहे तसाच राहू द्या, आणि साडीवर लावताना आतून जाड कापडाचा तुकडा धरा. पाच मेडलांच्या वजनाने पदर ओढला जातो.